पूजाआत्या, पोकलेन आणि गवताच्या गाठी

"ओम, पाय मागे घे! रेषा ओलांडलीस तू!"

अपेक्षा इतक्या जोरात ओरडली, की ओमच्या हातातली अर्धी चकली गवतात पडली.

"अगं, फक्त अंगठा पुढे गेलाय!" ओम कुरकुरला. "आणि मशीन तर अजून सुरूसुद्धा झालं नाही!"

"अंगठा काय नि पाय काय! आत्यानं सांगितलंय ना? कटर फिरायला लागला की शंभर पावलांच्या आत कोण नाय म्हणजे नाय. देव आला तरी नाय!"

"देवाला कशाला पोकलेन बघायचंय?" असं म्हणून ऋत्विकनं ती पडलेली चकली उचलली, फुंकर मारली आणि सरळ आपल्या तोंडात टाकली.

दिवाळीची सुट्टी होती. पोलादपूरच्या वर डोंगरात उंबरमाच नावाची वाडी आहे, तिथल्या माळाच्या कडेला हे त्रिकूट बसलं होतं. समोर फक्कीनं आखलेली पांढरी रेषा होती, अगदी क्रिकेटच्या सामन्यात आखतात तशी. अपेक्षा आणि ऋत्विक वाडीतलेच, दोघंही सातवीत. ओम अपेक्षाचा मावसभाऊ, वय वर्षं अकरा, मुक्काम मुंबई. सुट्टीत इकडे आला की पहिले दोन दिवस तो मोबाईलला रेंज शोधत फिरायचा. यंदा मात्र त्याला रेंजची आठवणही झाली नव्हती, कारण वाडीत पोकलेन आलं होतं!

पोकलेन म्हणजे रस्त्यावर दिसतं ते अजस्र धूड नव्हे. हे मिनी पोकलेन, मोठ्या पोकलेनचं शेंडेफळ म्हणा ना! बैलगाडीएवढं, पिवळंधमक, रबरी पट्ट्यांवर चालणारं. पुढच्या लांब हाताला कधी माती उपसायची बकेट लावायची, तर कधी गवत कापायचा कटर. गेल्या पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली, तेव्हा महाडहून मशीन यायला तीन दिवस लागले होते. तेव्हाच वाडीच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळानं मनावर घेतलं, आणि दिवाळीच्या आधी हे मशीन वाडीत हजर झालं. पावसाळ्यात दरडीची माती आणि गटारं, पावसाळा संपला की रस्त्याकडेचं पुरुषभर उंच गवत. त्या गवतामुळे वळणावर समोरून येणारी गाडीच दिसत नसे.

पण मशीन चालवणार कोण? वाडीतले तरुण सगळे मुंबईला. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा मागून एक हात वर झाला. अपेक्षाच्या पूजाआत्याचा!

महाडहून दीपक नावाचा ऑपरेटर रोज मोटारसायकलवरून शिकवायला येत होता. येत्या रविवारी त्याचे वरिष्ठ काशीराम सर परीक्षा घेणार होते. आत्या पास झाली तर मशीन तिच्या ताब्यात. नापास झाली तर बाहेरचा ऑपरेटर येणार आणि आत्या मुंबईजवळच्या दिव्याला जाणार, तिथं तिच्या चुलतबहिणीनं एका दुकानात तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. अपेक्षाला आत्यानंच नदीत पोहायला शिकवलं होतं, दोघी एकाच गोधडीत झोपायच्या. आत्या गेली तर काय, हा विचार मनात आला की अपेक्षा लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागायची.

"काय करते रे ती गवतात?" ओमनं विचारलं.

"गाठी मारते," अपेक्षा म्हणाली.

हातात काठी घेऊन आत्या सगळा माळ पायानं तुडवत होती. गवतात दडलेला दगड, वारूळ, खड्डा, काही सापडलं की भोवतालच्या उभ्या गवताचे शेंडे ओढून ती घट्ट गाठ मारायची. ही इथली जुनीच रीत. एक जण पुढे जाऊन गाठी मारतो, मागून विळा घेऊन येणाऱ्याला कळतं, इथं दगड आहे, जपून. आत्यानं ती रीत मशीनला लावली होती. गाठ दिसली की ती कटर वळवून घ्यायची, त्यामुळे तिनं कापलेल्या माळावर जागोजागी गाठी मारलेले झुबके उभे राहायचे.

गाठी झाल्यावर ती मशीनभोवती फिरली. कटरच्या पुढे जाड साखळ्यांचा पडदा लोंबतो, त्यातली एकेक साखळी तिनं हलवून बघितली. मग वर चढली, कमरेचा पट्टा लावला, तीनदा हॉर्न वाजवला आणि मगच कटर फिरायला लागला. गवताचा नुसता भुगा उडाला!

"एवढा येळ!" मागून भारदस्त आवाज आला. "एवढ्या येळात आमी निम्मा माळ कापून न्ह्यारी करून बसलो असतो!"

हे गोमाजीआबा, गावकीचे प्रमुख. पांढऱ्या मिशा, हातात काठी आणि प्रत्येक गोष्टीवर मत तयार. मशीनची चावीसुद्धा काम संपलं की त्यांच्याच घरी खुंटीला असायची.

"आबा, रेषा!" तिघंही एकदम ओरडले.

"मला सांगता रे? पन्नास वर्सं गवत कापलंय ह्या हातांनी!" आबा म्हणाले खरे, पण हळूच एक पाऊल मागेही सरकले.

त्या दिवशी आत्यानं जांभळीच्या झाडापर्यंत गवत कापलं. दुपारनंतर सगळं गाव खालच्या मैदानावर क्रिकेटची फायनल बघायला गेलं. उंबरमाचच्या पोरांनी शेवटच्या चेंडूवर सामना घालवला, त्यामुळे संध्याकाळी सगळे माना खाली घालून परतले. आबा तेवढे मैदानावर आले नव्हते. गुडघा दुखतो म्हणाले.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी गीताबाईंच्या आरोळीनं अख्खी वाडी जागी झाली.

"अगो बाय बाय बाय! ह्ये काय झालं गो!"

गीताबाई अंगणवाडीत मदतनीस. चार दिवसांनी मुलं येणार म्हणून त्या झाडायला गेल्या, तर मागच्या खिडकीच्या काचेचा चुरा झालेला, आणि आत, जिथं पोरं खाऊ खायला बसतात त्या सतरंजीवर, नारळाएवढा दगड!

देवळासमोर माणसं जमली. दीपकही आला होता, पण त्याची नजर आपल्या बुटांवरून काही वर उठत नव्हती.

"मशीननंच उडवलाय दगड," कुणीतरी म्हणालं.

"पोरं आत असती म्हणजे?" गीताबाईंनी विचारलं.

आबांनी काठी आपटली. "पूजा, चावी आन. रविवारपर्यंत मशीनला हात लावायचा नाय. आज सांजेला बैठक घेऊ आन काय त्ये ठरवू."

आत्यानं कामासाठी सकाळीच नेलेली चावी परत दिली. मग सरळ घरची वाट धरली. घरी आल्यावर अपेक्षा दुपारपर्यंत तिच्या मागे मागे फिरत राहिली.

"आत्या, तू नाय ना केलंस?"

"काय माहीत गो." आत्या भिंतीला टेकून बसली. "मी गाठी मारल्या होत्या. पडदाबी बघितला होता. पण एखादा दगड नजरेतून सुटला असंल. अपू, त्या सतरंजीवर पोर असतं तर गो?"

तिनं फळीवरची बॅग खाली काढली आणि त्यात कपडे भरायला लागली. अपेक्षानं ते बघितलं. ती तशीच धावत सुटली ती थेट ऋत्विकच्या अंगणात.

"ऋत्विक! ओम! चला!"

"कुठं?"

"माळावर! आत्या जे काम करते ना, ते सगळं तिथं गवतात लिहिलेलं असतं. वाचून येऊ!"

माळावर पोचल्या पोचल्या अपेक्षा थबकली. जांभळीच्या पलीकडे काल पुरुषभर गवत उभं होतं. आज ते थेट अंगणवाडीच्या मागच्या भिंतीपर्यंत भुईसपाट झालं होतं!

"आपण काल शेवटपर्यंत इथं होतो," ती हळूच म्हणाली. "आत्या जांभळीपाशी थांबली होती."

"म्हणजे नंतर कुणीतरी कापलं!" ओमचे डोळे मोठे झाले. "आपण सगळे फायनलला होतो तेव्हा!"

"आणि दीपकदादाला हे माहीत असणारच. तरी सकाळी तो गप्प बसला!"

ऋत्विक गुडघ्यांवर बसून भुग्यात बोटं घालत होता. "अपू, इकडे बघ. जांभळीच्या अलीकडे किती झुबके उभे आहेत? मी मोजले, अकरा. पलीकडे? एकसुद्धा नाय! गाठीच नव्हत्या काय तिकडं?"

"होत्या! आत्यानं काल आजच्या कामाच्यापण गाठी मारून ठेवल्या होत्या. मी बघितलंय!"

मग तिघांनीही भुगा उपसायला सुरुवात केली. थोड्याच वेळात ओम ओरडला, "सापडली!" त्याच्या तळहातावर गवताची गाठ होती, गाठ तशीच शाबूत आणि खालून चिंधड्या झालेली. शेजारीच एका काळ्या दगडावर पांढरा ताजा ओरखडा होता.

"गाठीवरून मशीन घातलंय!" अपेक्षा संतापली. "आत्या असं मेली तरी करणार नाय!"

मशीन माळाच्या कडेला उभं होतं. कटर जमिनीला टेकलेला, इंजिन बंद. "आता जवळ गेलं तर चालतं," अपेक्षा म्हणाली, "पण हात लावायचा नाय." पडद्याच्या साखळ्या खाली सोडलेल्या होत्या. पण कटरच्या दोन्ही टोकांना बांधणीच्या तारेचा एकेक तुकडा पिळून राहिलेला होता.

"कुणीतरी पडदा वर गुंडाळून तारेनं बांधला होता," ऋत्विक म्हणाला. "नंतर सोडला, पण तार काढायची राहिली. पडदा वर असल्यावर दगड उडणारच की!"

"पण पडदा कशाला वर बांधायचा? त्यात कुणाचा काय फायदा?"

डोकं खाजवत तिघं अंगणवाडीच्या भिंतीपर्यंत परत आली. तेवढ्यात ओमच्या खिशात टिंग वाजलं. अंगणवाडीच्या त्या कोपऱ्यात वाडीतली एकमेव बरी रेंज येते.

"बाबांचा मेसेज आहे. 'तुमच्या आबांनी तर कमाल केली! मंडळाच्या ग्रुपवर सगळे टाळ्या वाजवतायत.' आणि एक व्हिडिओ…"

तिघांची डोकी एकमेकांवर आदळली. मोबाईलच्या पडद्यावर पोकलेन धडधडत होतं, आणि सीटवर नवं जाकीट घालून, मिशांना पीळ देऊन, साक्षात गोमाजीआबा बसले होते!

"गुडघा दुखत होता ना यांचा?" ऋत्विक म्हणाला.

"गप! ऐक!"

व्हिडिओतले आबा हसून मुंबईच्या मंडळाच्या अध्यक्षांना सांगत होते, "सयाजीराव, बघा तुमचं मशीन! दीपक, पाती दिसतात का रे?" आणि कॅमेऱ्यामागून दीपकचा आवाज आला, "एकदम झकास, आबा! पडदा वर बांधला म्हणून दिसतायत, नायतर नुसत्या साखळ्याच दिसल्या असत्या!"

कोड्याचं उत्तर हे असं मिळालं. मंडळींना पाती दिसावीत म्हणून पडदा वर!

"आज बैठकीत हाच दाखवायचा!" ऋत्विकनं मूठ वळली. "सगळ्या गावासमोर! मग बघू आबा काय बोलतात!"

अपेक्षालाही तेच वाटत होतं. सकाळी आबा तिच्या आत्याला गावासमोर बोलले होते, सगळं ठाऊक असून बोलले होते! तिला आबांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पण ओम अजून मेसेजच वाचत होता. त्याचा चेहरा उतरला. "थांबा. बाबांनी ग्रुपचा स्क्रीनशॉटपण पाठवलाय. सयाजीकाकांनी लिहिलंय, 'आबा, आज चार वाजता तलावाच्या बांधावरून लाईव्ह होऊन जाऊ द्या.' आणि आबांनी अंगठा पाठवलाय."

"किती वाजले?"

"पावणेचार."

आणि त्याच क्षणी माळाच्या टोकाकडून इंजिनची धडधड आणि हॉर्न ऐकू आला. एकदाच, तीनदा नाही. तिघांनी वळून बघितलं, तर आबा सीटवर होते, दीपक पुढे मोटारसायकलवर, आणि पोकलेन डुलत डुलत तलावाच्या वाटेला लागलं होतं. तिघं "आबा! आबा!" करत धावले, पण त्या धडधडाटात कोण ऐकतंय!

---

तलावाचा बांध उंच आणि निमुळता, वाडीबाहेर उंचावर असल्यानं तिथंही रेंज मिळते. बांधाच्या पोटाशी पायवाट आहे. दुपारी चारच्या सुमाराला बायका रानातून गवताचे भारे घेऊन त्याच वाटेनं परततात. डोक्यावर एवढा थोरला भारा असला की मान वर करता येत नाही आणि गवत कानांवर आलेलं असतं, त्यामुळे हाकही नीट ऐकू जात नाही.

तिघं बांधाच्या अलीकडच्या टेकाडावर पोचली तेव्हा कटर फिरायला लागला होता. दीपकनं पडदा पुन्हा वर बांधला होता. आबा बांधावरून खालच्या उतारावरचं गवत कापत होते, आणि दूर पायवाटेवर चार भारे हलत येताना दिसत होते.

"अरे देवा, त्यात गीताबाईपण असतील!" ऋत्विक निघालाच होता.

"थांब! मशीनकडे कोण नाय जायचं!" अपेक्षानं त्याचा सदरा पकडला. "मागून तर नायच नाय, आबांना दिसणारच नाय. ओम, तू त्या खालच्या वळणावर जा, ते लांब आहे. बायकांना तिथंच अडव, पुढे येऊ देऊ नको!"

"ऐकलंच नाही तर?"

"तर वाटेत आडवा पड! ऋत्विक, तू आत्याला घेऊन ये. जा!"

दोघं दोन दिशांना सुटले. अपेक्षा टेकाडाच्या टोकावर गेली, बरोबर आबांच्या नजरेसमोर. आत्यानं शिकवलं होतं, ऑपरेटरला थांबवायचं तर लांब, पण त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरायचे. तिनं हात वर केले. आणि तसेच धरून ठेवले.

फाट! एक दगड सणसणत उडाला आणि दीपकच्या उभ्या मोटारसायकलचा दिवा फोडून गेला. दीपक मोबाईलसकट खाली बसला.

आबांनी दचकून वर बघितलं. त्यांना अपेक्षा दिसली. बटणावरचा त्यांचा अंगठा उचलला गेला आणि पात्यांचा आवाज मंदावत बंद झाला. अपेक्षानं श्वास सोडला.

पण दचकण्यात आबांचा दुसरा हात लिव्हरवर जोरात दाबला गेला होता. मशीनचा लांब हात झटक्यात उतारावर आणखी बाहेर फेकला गेला. बांधाची कड पावसानं भुसभुशीत झालेली, ती ढासळली आणि त्या बाजूचा पट्टा खचला. पोकलेन उताराकडे कललं!

"आबा, उडी मारा!" दीपक ओरडला आणि मशीनकडे धावला.

"उडी मारू नका!"

हा आवाज पूजाआत्याचा होता. मशीनचा आवाज ऐकून ती घरून निघालीच होती आणि ऋत्विकच्या पुढे धावत टेकाडावर आली होती, पायात चपलाही नव्हत्या. "दीपकदादा, मागं हो! मशीन पडलं तर तुझ्यावर पडंल! आबा, माझ्याकडं बघा. फक्त माझ्याकडं!"

आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कमरेचा पट्टा त्यांनी लावलाच नव्हता. नवं जाकीट झाकलं गेलं असतं ना!

"आबा, पाती थांबली हायत का?"

"थांबली!"

"मग कटर खाली टेकवा. हळू. उजवा हात… एकदम नाय, आबा, म्हशीची धार काढताना कसा हळू दाबता, तसा." आत्यानं आपला उजवा हात पुढे धरला आणि तळवा सावकाश खाली आणला. समोर आबांचा हातही तसाच सरकला. कटर इंच इंच खाली आला आणि उतारावर टेकला. डगमगणारं मशीन त्याच्या आधारावर थांबलं.

"आता दोनी हात सोडा. डावीकडचा लाल लिव्हर वर करा. झाला? आता कशाला हात लागला तरी मशीन हलायचं नाय. कमरेचा पट्टा लावा. आता चावी फिरवा."

इंजिन बंद झालं. खालच्या वळणावरून गीताबाईंचा आवाज आला. त्या पाय आडवे टाकून बसलेल्या ओमला झापत होत्या. "अरं पोरा, वाटंत काय बसलास? मानंचा काटा ढिला झाला आमच्या!" वर काय घडलं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

मशीन अजिबात हलत नाही याची खात्री करून आत्या उताराच्या विरुद्ध बाजूनं वर गेली आणि आबांना हात देऊन उतरवून घेतलं. आबा बांधावर मटकन बसले. अपेक्षा आणि ऋत्विकही तिथं पोचले. ऋत्विकनं अपेक्षाला कोपरानं ढोसलं. सांगू का व्हिडिओचं, असं त्याचे डोळे विचारत होते. अपेक्षानं आबांकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. तिचा राग गेला नव्हता, पण म्हाताऱ्या माणसाला इतकं घाबरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"दीपक," आबाच म्हणाले, "फोन चालू हाय का अजून? समद्यांना दिसतंय?"

दीपकनं मोबाईलकडे पाहिलं. लाईव्ह चालूच होतं. आतून सयाजीकाका जीव तोडून विचारत होते, "आबा! आबा, काय झालं? बरे आहात ना?"

"धर माज्यासमोर."

आबांनी जाकिटाच्या बाहीनं तोंड पुसलं. "सयाजीराव, मंडळी, ऐका. काल अंगणवाडीची काच फुटली, ती माज्या हातनं. आन आज सकाळी गावासमोर दोष दिला मी पूजाला. ती पोरगी एक शब्द बोलली नाय. गाठी मला दिसल्या व्हत्या. पन्नास वर्सं मीच गाठी मारत आलो. पन वाटलं, गाठ इळ्यासाठी. दगडावर इळ्याची धार जाते म्हणून मारायची. मशीनला कसली धार जायची भीती? घातलं तसंच वरनं." त्यांनी वाडीकडे बघितलं. "इळ्याखालचा दगड जागच्या जागी ऱ्हातो. मशीनखालचा पोरांच्या सतरंजीवर जातो. एवढं त्या पोरीला कळलं, मला नाय कळलं."

"चूक माझीपण आहे," दीपक खाली मान घालून म्हणाला. "आबांना मशीन चालवायला मीच शिकवलं, पडदा मी बांधला. सकाळी तोंड उघडायला पाहिजे होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

त्यानंच महाडला फोन लावून काशीराम सरांना सगळं सांगितलं. सरांनी त्याला जे काय सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

---

बांधावर कललेलं मशीन ओढून सरळ केलं, आणि रविवारी काशीराम सर आले. तीस वर्षं घाटातल्या रस्त्यांवर मशीन चालवलेला माणूस, उन्हानं काळा पडलेला आणि बोलायला एकदम कमी. आख्खं गाव फक्कीच्या रेषेमागे उभं होतं, सगळ्यांत मागे आबा.

आत्यानं रस्त्याची कड कापली, गटार उपसलं, बकेट काढून कटर लावला. सर नुसते बघत होते. शेवटी त्यांनी देवळाखालच्या उभ्या उताराकडे बोट केलं.

"तो तुकडा राहिला. तोही काप. लवकर आटप, मला जेवायला महाडला जायचंय."

आत्या मशीनवरून उतरली. काठीनं सगळा उतार चाचपून आली आणि सरांसमोर उभी राहिली.

"सर, हितं मशीन नाय नेणार मी."

गर्दीत कुजबुज झाली. अपेक्षानं ओमचा हात इतका घट्ट धरला की तो "आई गं!" म्हणाला.

"मी सांगतोय तरी?" सरांनी विचारलं. "घाबरतेस?"

"हो, घाबरते," आत्या म्हणाली. "उतार जास्त हाय आन माती ओली हाय. हितं हातानंच कापावं लागंल. त्यापायी नापास करणार असाल तर करा, सर."

अपेक्षाला रडूच फुटायला लागलं. संपलं! आता बॅग, महाडजवळचं वीर स्टेशन आणि दिव्याची गाडी!

काशीराम सरांनी वही मिटली, आणि तीन तासांत पहिल्यांदा हसले.

"मशीन चालवायला कुणालाही पंधरा दिवसांत शिकवता येतं. पण साहेब डोक्यावर उभा असताना 'नाही' म्हणणारे ऑपरेटर तीस वर्षांत मला फार थोडे भेटले. हा तुकडा मी मुद्दामच सांगितला होता. पास!"

मग काय विचारता! ऋत्विकनं आरोळी ठोकली, गीताबाईंनी आत्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आबांनी मुलांना पुढे बोलावून तिघांच्या पाठीवर हात ठेवला.

"गाववाल्यांनो, ही पोरं शूर हायत म्हणून कौतुक नाय करत मी. शूर काय, मीबी लय व्हतो. पाती फिरताना दिसल्यावर ही तिघं त्याच्याकडं धावली नायत. शंभर पावलं लांब ऱ्हायली आन डोकं चालवलं. म्हणून आज मी तुमच्यासमोर हुबा हाय, आन त्या चार बायाबी." मग त्यांनी कमरेचा विळा काढला. "चला, ऑपरेटरीणबाईंनी सांगितलंय, तो तुकडा हातानं कापायचा हाय!"

माणसं हसत हसत उताराकडे निघाली. काशीराम सर जेवायला थांबायला तयार झाले. ऋत्विक आणि ओम पहिला भारा कुणाचा यावरून भांडायला लागले. अपेक्षा मात्र आत्याला शोधत होती.

आत्या अंगणवाडीच्या कोपऱ्यात, रेंजमध्ये उभी होती. कानाला मोबाईल, गालावर गवताचा भुगा चिकटलेला.

"ताई, मी नाय येत गो दिव्याला," ती सांगत होती. "नाय नाय, तब्येत बरी हाय. मला हितंच काम हाय."

तिनं अपेक्षाला पाहिलं आणि मोकळा हात तिच्याकडे पसरला. अपेक्षा धावत सुटली.